संगणकाला आज्ञा देणारी मुलं



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकून काहींना वाटेल की हा तर शहरातल्या मोठ्या शाळांचा विषय. आपल्या खेड्यातल्या शाळेला त्याचं काय? विषय आहे मुलांना संगणकाला आज्ञा द्यायला शिकवण्याचा. यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात. माझं सांगणं एवढंच आहे की, त्यासाठी लागणारं साधन तुमच्या शाळेत बहुधा आधीच येऊन बसलेलं आहे. ते विकत आणायला नको, त्यासाठी अर्ज करायला नको. त्या साधनाचं नाव ब्राउझर.

ब्राउझर म्हणजे काय, ते आधी पाहू. आपण संगणकावर सातबारा पाहतो, परीक्षेचा निकाल पाहतो, बाजारभाव पाहतो. ज्या खिडकीतून हे सारं पाहतो, ती खिडकी म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांतली काही नावं. बहुतेकांना ती नुसती पाहण्याची खिडकी वाटते. पण या खिडकीच्या आत एक गडीही बसलेला आहे. त्याच्या भाषेत त्याला काम सांगितलं, की तो ते निमूटपणे आणि अतिशय वेगानं करून टाकतो. त्या भाषेचं नाव जावास्क्रिप्ट. १९९५ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचं पहिलं रूप अवघ्या दहा दिवसांत तयार केलं. आज प्रत्येक प्रमुख ब्राउझरला ती भाषा समजते. म्हणजे गडी घरात आहे, फुकट आहे, आणि रिकामा बसला आहे. प्रश्न आहे तो त्याला काम सांगणाराचा.

आता कुणी म्हणेल, "गुरुजींनाच ही भाषा येत नाही, तर मुलांना काय शिकवणार?" शंका रास्त आहे. म्हणूनच आपण आरंभ संगणकापासून करायचाच नाही. आरंभ करायचा शाळेच्या अंगणात.

यामागे एक जुना आणि चांगला विचार आहे. सेमूर पॅपर्ट नावाचे एक गणिती होऊन गेले. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, १९२८ सालचा. मुलं कशी शिकतात याचा जन्मभर अभ्यास करणारे ज्यां पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हाला काही वर्षं काम केलं. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९६७ साली वॉली फोयरझाइग व सिंथिया सॉलोमन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. त्या भाषेत एक कासव असतं. "पुढे जा", "उजवीकडे वळ" अशा आज्ञा द्यायच्या, कासव चालतं आणि मागे रेघ उमटत जाते. पॅपर्ट यांचं म्हणणं असं होतं की, संगणकानं मुलाला घडवावं यापेक्षा मुलानं संगणकाला घडवावं. आणि भूमिती मुलाला आधी त्याच्या अंगानं कळावी, मग डोक्यानं.

तेव्हा एका मुलाला कासव करा. त्याच्या हाती खडू द्या. दुसऱ्यानं आज्ञा द्यायच्या. अट एकच: कासवानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. चौकोन काढायचा आहे. "चार पावलं पुढे. उजवीकडे काटकोनात वळ. चार पावलं पुढे. वळ." असं चारदा झालं की चौकोन पुरा. लगेच एखादी मुलगी म्हणते, "बाई, तेच तेच चारदा कशाला सांगायचं? 'हे चारदा कर' असं एकदाच सांगू." श्रोतेहो, प्रोग्रॅमिंगमधली एक मोठी युक्ती त्या मुलीनं स्वतः शोधून काढली. तिला पुनरावृत्ती म्हणतात. आपल्या घरची माणसं ती रोज वापरतात. रांगोळी काढणारी बाई एक पाकळी मनात धरते आणि तीच आठदा फिरवते. घोंगडी विणणारा एक नक्षी धरतो आणि तीच पुढे नेतो.

आता त्रिकोण काढायला सांगा. तिन्ही बाजू सारख्या. मुलांना पाठ असतं की अशा त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. म्हणून ती आज्ञा देतात, "चार पावलं पुढे, ६० अंशांत वळ." कासव वळतं, चालतं, पुन्हा वळतं, आणि त्रिकोण काही जुळत नाही. तसंच चालू ठेवलं तर सहा बाजूंनंतर कासव मूळ जागी येतं आणि जमिनीवर षटकोन उमटतो! इथे शिक्षकानं उत्तर सांगण्याची घाई करू नये. कासव झालेल्या मुलालाच विचारावं, "अरे, तू नेमका किती वळलास?" चालणारा माणूस आतला कोन वळत नसतो, बाहेरचा वळत असतो. सरळ जाणाऱ्याला आत ६० अंशांचा कोन करायचा, तर १२० अंश वळावं लागतं. तीनदा १२० म्हणजे ३६०. चौकोनात चारदा ९०, तेही ३६०. षटकोनात सहादा ६०, तेही ३६०. पूर्ण फेरी मारून माणूस पहिल्या दिशेला तोंड करून उभा राहिला, की तो ३६० अंश वळलेला असतोच. हा सिद्धान्त फळ्यावरून पाठ केलेलं मूल विसरेल. अंगणात चालून काढलेलं मूल सहसा विसरणार नाही.

एवढा पाया झाला, की मग ब्राउझरकडे वळावं. इंटरनेट चालू असेल त्या दिवशी दोन सोप्या वाटा आहेत. लोगोचं कासव आता ब्राउझरमध्येही चालवता येतं. दुसरी वाट 'स्क्रॅच'ची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते २००७ साली मुलांपुढे ठेवलं. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत; रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. २०१३ पासून ते थेट ब्राउझरमध्ये चालू लागलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये आलेली त्याची आवृत्ती टॅबलेटवरही चालते. लहान मुलांसाठी ते उत्तम.

पण इंटरनेट नसेल तर? तर अडत नाही, हीच मुख्य गंमत आहे. ब्राउझरमधला गडी आपल्याच संगणकात राहतो. नोटपॅड उघडा. पहिल्या ओळीवर कोनी कंसात 'स्क्रिप्ट' हा इंग्रजी शब्द लिहा. शेवटच्या ओळीवर तोच शब्द, आधी एक तिरपी रेघ देऊन, पुन्हा कोनी कंसात लिहा. मधल्या जागेत आपल्या आज्ञा. पहिली आज्ञा 'अलर्ट'. तिच्यापुढे साध्या कंसात आणि अवतरणचिन्हांत लिहा "नमस्कार". स्पेलिंग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि सारी अक्षरं लहान लिपीतली हवीत हे बजावून सांगा. पहिलं अक्षर मोठं झालं तरी गडी ओळखत नाही. फाइल जतन करताना 'सर्व फाइली' हा पर्याय घ्या, नावाच्या शेवटी 'डॉट एचटीएमएल' लिहा, आणि 'यूटीएफ-८' निवडा. नाहीतर मराठी अक्षरं बिघडून दिसतील. मग फाइलवर दोनदा टिचकी मारा. ब्राउझर उघडेल आणि पडद्यावर "नमस्कार" येईल. एवढ्याशा गोष्टीनं वर्गाला होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. कारण आजवर पडदा मुलांना सांगत होता. आज मुलांनी पडद्याला सांगितलं.

दुसरी आज्ञा 'प्रॉम्प्ट'. ती प्रश्न विचारते आणि उत्तर घेऊन येते. आलेलं उत्तर ठेवायला डबा लागतो. स्वयंपाकघरात आपण डब्यावर 'साखर', 'मीठ' असं लिहितो, तसंच इथेही डब्याला नाव द्यायचं. आणि शिक्षकहो, हे ध्यानात ठेवा: जावास्क्रिप्टमध्ये डब्याचं नाव मराठीत, देवनागरीत चालतं. 'मुले', 'तांदूळ', 'एकूण' अशी नावं खुशाल द्या. आज्ञांचे शब्द इंग्रजी राहतात, पण पहिल्या वर्षाला असे दहा-बारा शब्द पुरे होतात.

आता दोन संख्या विचारून त्यांची बेरीज करायला सांगा. मुलगा ५ आणि ७ लिहितो. पडद्यावर उत्तर येतं, ५७! वर्ग हसतो. हसू द्या, आणि मग विचारा, असं का झालं? कळफलकावरून जे येतं, ते गड्याच्या लेखी नुसती अक्षरं असतात. आणि बेरजेचं चिन्ह दोन कामं करतं: दोन्ही बाजूंना संख्या असतील तर बेरीज, अक्षरं असतील तर जोडणी. 'राम' आणि 'राव' जोडले की 'रामराव', तसे ५ आणि ७ जोडले की ५७. त्याला आधी सांगावं लागतं, "बाबा, ही संख्या समज." त्यासाठी 'नंबर' हा शब्द आहे, तेवढ्याच शब्दाचं पहिलं अक्षर मात्र मोठं लिहायचं. तो घातला की उत्तर येतं १२. लिहिलेला आकडा आणि मोजलेली संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता हे ज्ञान कामाला लावू. शाळेत रोज पोषण आहार शिजतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, असं सरकारी प्रमाण आहे. समजा, आज लहान मुलं ६२ आणि मोठी ३८ हजर आहेत. लहानांचे ६ किलो २०० ग्रॅम, मोठ्यांचे ५ किलो ७०० ग्रॅम. एकूण ११ किलो ९०० ग्रॅम. ही आज्ञावली सातवीतली मुलं लिहू शकतात: दोन प्रश्न, दोन गुणाकार, एक बेरीज, एक उत्तर. मग रोज सकाळी हजेरी झाली की दोन मुलांनी ती चालवावी आणि आकडा स्वयंपाकघरात नेऊन द्यावा. दुसऱ्या आठवड्यात त्यात अट घालावी: जर हजेरी पटापेक्षा जास्त लिहिली गेली, तर "पुन्हा मोजा" असं दाखव. क्रम, डबा, पुनरावृत्ती आणि अट; या चार खांबांवर बराचसा इमला उभा राहतो. आणि मुलांच्या ध्यानात येतं की गणित हे पेपरापुरतं नसून शंभर जणांच्या ताटापर्यंत जाणारं आहे.

इथे एक प्रश्न मुलं हटकून विचारतील, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. एखादा विद्यार्थी मराठी कळफलकावरून देवनागरी आकड्यांत बासष्ट लिहील. गडी उत्तर देईल, "ही संख्याच नव्हे." मूल विचारेल, "गुरुजी, आमचे आकडे त्याला का कळत नाहीत?" याचं खरं उत्तर द्यावं. ही भाषा तयार करणाऱ्यांनी संख्या इंग्रजी आकड्यांत वाचण्याचीच सोय तिच्यात केली. आपले आकडे तो संख्या म्हणून वाचत नाही, कारण ते वाचायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. संगणक सर्वज्ञ नाही. माणसानं शिकवलं तेवढंच त्याला येतं. मग पुढचं वाक्य बोला: "तूच शिकव की त्याला." एक आला तर एक घे, दोन आला तर दोन घे, अशा दहा आकड्यांच्या दहा अदलाबदली. आठवीतल्या मुलांना थोड्या मदतीनं हे जमेल. ज्या मुलानं यंत्राला आपले आकडे वाचायला शिकवले, त्याची यंत्राकडे पाहण्याची नजर पालटते. यंत्र आपल्यासाठी बनलेलं नाही म्हणून मागे सरायचं, की ते आपल्यासाठी बनवून घ्यायचं, हा निवाडा त्या दहा ओळींत होतो. खेड्यातल्या मुलांनी हे शिकावं असा माझा आग्रह आहे, तो यासाठी.

आणखी एक लाभ सांगतो. आपल्या शाळांत चूक म्हणजे लाल फुली. चुकलं की गुण गेले, आणि मूल हात वर करीनासं होतं. इथे चूक ही रोजची पाहुणी. बहुतेक आज्ञावल्या पहिल्या फेरीत चुकतातच, मोठमोठ्या तज्ज्ञांच्यासुद्धा. पडद्यावर काहीच आलं नाही, तर एफ-१२ ही कळ दाबावी. बहुतेक संगणकांवर एक कप्पा उघडतो आणि त्यात 'कन्सोल' या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, कोणत्या ओळीवर गडी अडखळला. तो रागावत नाही, चारचौघांत हसत नाही. फक्त ओळ दाखवतो. मूल ती ओळ पाहतं, सुटलेला कंस घालतं, पुन्हा चालवतं. "मला येत नाही" याऐवजी "अजून कुठेतरी अडलंय" असं म्हणायची सवय लागते. ही सवय पुढे शेतातल्या मोटारीपाशीही उपयोगी पडते आणि दवाखान्यातल्या कागदपत्रांपाशीही.

आता अडचणींचं बोलू. संगणक एक, मुलं चाळीस. तर आज्ञावली आधी वहीत लिहावी. चारचारांचे गट करावेत, गटानं एकमेकांची वही तपासावी, मग संगणकाशी जावं. संगणकापाशी एकानं टंकायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं. दहा मिनिटांनी अदलाबदल. हा नियम कडक पाळा. नाहीतर कळफलक एकाच धीट मुलाच्या हाती राहतो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात. आणि संगणक कपाटात कुलूपबंद असेल, तर तो बाहेर काढा. वापरानं झिजेल म्हणून पाटी कुणी पेटीत ठेवत नाही.

एक सावधगिरी, आणि तिच्यातूनच एक धडा. त्याच एफ-१२ च्या कप्प्यातून समोर उघडलेल्या पानावरचा मजकूर बदलता येतो. बातमीच्या मथळ्याच्या जागी भलताच मथळा लिहिता येतो. पान पुन्हा उघडलं की तो नाहीसा होतो, कारण बदल फक्त आपल्या पडद्यावर झालेला असतो. पण मधल्या वेळात कुणी त्याचा फोटो काढून मोबाइलवरून गावभर पाठवला तर? हे वर्गात एकदा दाखवा. ज्या मुलीनं स्वतःच्या हातानं खोटा मथळा करून पाहिला आहे, ती पुन्हा अशा फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही, घरच्यांनाही सांगेल, "आबा, थांबा, हे आधी खऱ्या पानावर पाहू." मात्र बजावून सांगा की, कुणा अनोळखी माणसानं "ही ओळ त्या कप्प्यात चिकटव" असं सांगितलं, तर मुळीच चिकटवू नये. तुम्ही एखाद्या खात्यात शिरलेले असाल, तर त्या एका ओळीनं खातं दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. आणि कोणत्याही संकेतस्थळावर मुलांनी आपलं पूर्ण नाव, फोटो, मोबाइल क्रमांक देऊ नये.

शेवटची शंका. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं मागाल ती आज्ञावली लिहून देतात. मग मुलांनी कष्ट कशाला घ्यावेत? श्रोतेहो, गणनयंत्र येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आपण पाढे पाठ करवतो. कारण यंत्रानं दिलेलं उत्तर बरोबर की चूक, हे ज्याला कळत नाही, तो यंत्राच्या हातातलं बाहुलं होतो. शंभर मुलांच्या धान्याचा हिशेब यंत्रानं ११९ किलो दाखवला, तर "थांबा, दशांशचिन्ह चुकलंय" असं म्हणणारं कुणीतरी स्वयंपाकघरात हवंच. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही उच्च प्राथमिक वर्गांपासून मुलांची अशा कामांशी ओळख व्हावी असं म्हटलं आहे. शहरात यासाठी भारी फी घेणारे वर्ग निघाले आहेत. तिथे मिळणाऱ्या पहिल्या धड्यांतले पुष्कळसे तुमच्या शाळेतल्या त्या खिडकीत विनामूल्य आहेत.

तेव्हा शिक्षकहो, फार मोठी योजना आखत बसू नका. येत्या शनिवारी मुलांना अंगणात न्या आणि एका मुलीच्या हाती खडू देऊन तिला कासव करा. त्याच्या पुढच्या शनिवारी नोटपॅड उघडा. तुम्हाला एक धडा पुढचा येत असला, की पुरे. आणि एखाद्या दिवशी एखादं मूल तुमच्याही एक धडा पुढे गेलं, तर त्यात कमीपणा नाही, त्यातच शिकवण्याचं सार्थक आहे. पालकांनीही घरी आल्यावर मुलाला "आज किती गुण मिळाले?" असं विचारण्याऐवजी एकदा विचारावं, "आज तू त्या यंत्राला काय शिकवलंस?" उत्तर ऐकण्याजोगं असेल.